पाळीच्या खालच्या अंगाला

तलाव पाहायला गेलेला माणूस पाळीवर चढतो आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. मी ओव्हरसियरच्या नोकरीतली बरीच वर्षं पाण्याकडे पाठ करून उभा राहिलो. पाण्याची शोभा मालकानं पाहावी आणि पाळीची खालची बाजू आम्ही पाहावी, अशी वाटणीच होती म्हणा ना. त्यामुळं अमक्या तलावात कमळं होती का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. घुशींची बिळं कुठं होती ते मात्र झोपेतून उठवून विचारा.

आमच्या वाशीम तालुक्यात त्या काळी असे खाजगी तलाव बरेच होते. कुणाच्या तरी आजानं किंवा पणजानं शेतातल्या नाल्याला आडवी माती टाकलेली, दोन टेकाडांच्या मधे पाळ घातलेली, आणि वर साठलेल्या पाण्यावर पाचपन्नास एकर गहू भिजायचा. पणजाला इंजिनियरिंग येत नव्हतं पण घाई नव्हती, हे त्याचं मोठं बलस्थान. वीतभर माती टाकायची, तिच्यावर गावातले सगळे बैल दिवसभर फिरवायचे, मग पुढची वीत. पुढच्या पिढ्यांना घाई आली आणि बैल फिरवायचं राहून गेलं.

मग शेजारच्या एका तालुक्यात अशी एक पाळ फुटली आणि वरून हुकूम आला की खाजगी पाळींची यादी करा, दरसाल पाहणी करा. ते काम माझ्या गळ्यात पडलं. सोबत एक तट्टू मिळालं. त्याला पाण्याची भीती होती, म्हणजे आम्ही दोघं एकमेकांना शोभत होतो. अधिकार म्हणाल तर मला पाहायचा होता, सांगायचा होता, आणि लिहायचा तर फारच होता. करायचा मात्र नव्हता. तलाव मालकाचा, माती मालकाची, ऐकायचं की नाही हेही मालकाचं.

या कामात पाहायचं काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढं लागणार आहे. पहिला सांडवा. तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी बाजूनं निघून जायला जी नीट वाट ठेवलेली असते, ती मोकळी आहे ना? मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पाळ संपली, त्यात तडजोड नाही. दुसरी पाळीची माती. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी तडकते की काठी घातली तर मूठ वर राहते. आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा, पायथ्याचा पाझर. मातीची पाळ थोडी झिरपतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाझराचं पाणी नितळ असेल तर सावलीत बसून डबा खावा. गढूळ असेल तर डबा सोडू नये. गढूळ पाणी म्हणजे पाळीच्या पोटातली माती बाहेर चाललेली असते.

हे ओळखायला माझ्याकडं दोन हत्यारं होती. एक लोखंडी सळई आणि एक काचेचा पेला. पेल्यात पाझराचं पाणी धरायचं, घटकाभर स्थिर ठेवायचं आणि तळाशी काही बसतं का ते पाहायचं. इंझोरीकडच्या एका गावात त्यामुळं बोभाटा झाला की नवा साहेब पाळीखाली एकटाच बसून पेला भरतो आणि प्यायच्या आधी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहतो. ही वार्ता आमच्या घरापर्यंत पोचली. घरात तेव्हा सहा पेल्यांचे पाच झालेले होतेच, त्यामुळं खुलासा करताना मला बराच घाम फुटला.

आता ज्या तलावाची गोष्ट सांगायची तो केनवडच्या बाजूला होता. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. मालक उकंडराव पाटील. उंच, गोरा, दिलदार गडी. जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही आणि जेवताना कामाचं बोलू द्यायचा नाही. पाळ त्याच्या आजानं घातलेली, आणि चांगली घातलेली. पाळीच्या खालच्या अंगाला नाल्याच्या काठी बारा घरांची वस्ती होती. त्यातलं शेवटचं घर, पाळीपासून हाकेच्या अंतरावर, पुंजाबाईचं.

पुंजाबाई विधवा, चाळिशीची, अंगानं काटकुळी आणि तोंडानं भरभक्कम. पाळीच्या पायथ्याला एक झरा होता, म्हणजे पाझरच, पण ती त्याला झरा म्हणायची. त्याच्यावर तिनं वांगी-मिरच्या लावलेल्या. उन्हाळ्यात पंचक्रोशीतल्या विहिरी तळाला जात तेव्हाही हिची वांगी टवटवीत, आणि केनवडच्या बाजारात तिला भाव मागायची गरज पडत नसे. सगळी वस्ती प्यायचं पाणीही तिथूनच भरायची.

मी पहिल्यांदा गेलो तो जेठाचा महिना होता. पेला धरून बसलो होतो, पाणी अगदी नितळ. तेवढ्यात ही घागर घेऊन आली आणि मला बाजूला सरकायला सांगितलं. मला वाटलं पाण्याच्या आड येतोय. पण तसं नव्हतं. मी तिच्या आणि तिच्या जावेच्या घराच्या मधे आलो होतो. जाऊ म्हणजे सखू. शेवग्याच्या एका झाडावरून दोघींचं वाजलेलं होतं. पुंजाबाई रोज सकाळी झऱ्याखाली घागर लावायची आणि ती भरेपर्यंत सखूच्या दाराकडं तोंड करून तिला शिव्या द्यायची. एका घागरीला बरोब्बर सात. त्याच सात, त्याच क्रमानं, एकाच चालीत, मधे श्वास घ्यायची जागासुद्धा ठरलेली. त्या इथं देत नाही, हा अंक घरात सगळेच वाचतात. सातवी संपली की घागर तोंडाशी यायची. मी वहीत लिहिलं: पाझर नितळ, बेताचा, चिंता नाही.

पुढं पावसाळा लागला. त्या वर्षी पाऊस हात राखून नव्हता. श्रावणात मी पुन्हा त्या बाजूला गेलो तर वस्तीच्या अलीकडंच पुंजाबाई वाटेत उभी. म्हणाली, "साहेब, घागर चार शिव्यातच भरून राह्यली. तीन रोजच्या रोज मांगं पडतात."

मी खो खो हसलो. तट्टावरून उतरेपर्यंत हसत होतो. मग मनातल्या मनात सात भागिले चार केलं आणि हसू गेलं. पाझर जवळजवळ दुप्पट झाला होता. तलाव भरला की पाझर थोडा वाढतोच, पण दुप्पट नाही. आमच्या खात्याचं कुठलंही यंत्र इतकं नेमानं, दररोज, त्याच वेळी, त्याच चालीवर मोजमाप घेत नव्हतं. मी पेला भरला आणि बसून राहिलो. तासाभरानं तळाशी एक पिवळट थर दिसला, नखाएवढा पातळ.

वर गेलो तर उकंडराव पाळीवर बाज टाकून बसलेले. आणि सांडवा बंद! माती आणि गवताच्या ढेपा रचून दोन हात उंच आडवण घातलेली. असं का, तर पोळा आठ दिवसांवर आला होता. त्या गावाची रीत अशी होती की पोळ्याला गावातली सगळी जनावरं पाळीवरून मिरवायची, आणि पाटलाच्या मानाच्या बैलानं पाळीवरच उभं राहून, खाली न उतरता, नुसती मान लववून तलावाचं पाणी प्यायचं. बैल प्याला की वर्ष चांगलं. आता पाळीवर उभ्या बैलाच्या तोंडाला पाणी लागायचं म्हणजे तलाव किती भरायला हवा, ते तुम्हीच पाहा. म्हणून दरसाल पोळ्यापुरता सांडवा बुजवायचा. आजाच्या काळापासून हे चाललेलं, आणि आजाची पाळ खमकी म्हणून निभावलेलं.

मी पाझराचं सांगितलं, पेला दाखवला, सांडवा आजच्या आज मोकळा करा म्हणालो. उकंडरावांनी पेला उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले की एवढी माती तर आमच्या पिण्याच्या माठातही असते. मी म्हणालो, माठ फुटला तर बारा घरं वाहून जात नाहीत. ते हसले आणि जेवायला चला म्हणाले.

मी वाशीमला जाऊन तहसीलदारसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, खाजगी मालमत्ता आहे, समजूत घाला. समजूत घालणं हा सरकारी हुकूम कसा बजावायचा असतो ते मला आजतागायत कळलेलं नाही. पोळ्याला दोन दिवस उरले असताना पुन्हा तिथं पोचलो.

उकंडराव स्वतः सामोरे आले, खुशीत. म्हणाले, "तुमच्या पेल्याची चिंता मिटोली. झराच बंद करून टाकला."

पायथ्याशी जाऊन पाहतो तो झऱ्याच्या तोंडाशी दगड-चुन्याचं पक्कं बांधकाम, थेंबही नाही. या माणसानं चांगल्या मनानं, पदरचा चुना घालून, करू नये नेमकं तेच केलं होतं. पाणी आत येतच होतं, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बुजली होती. पाहुण्याला घरात घेऊन दार लावलं की तो खिडकी शोधणारच. मी पाळीच्या उतारावर चढत गेलो. सहा-सात हात वर एका जागी गवत जास्तच हिरवं होतं. तिथं पाय टाकला तर घोट्यापर्यंत रुतला. सळई टेकवली, ती जोर न लावता हातभर आत गेली. उतार थोडा फुगलेलाही होता.

मला भीती वाटली. खरं सांगतो, आधी स्वतःची वाटली, कारण मी त्याच उतारावर उभा होतो. खाली पुंजाबाईची वांगी दिसत होती, सखूच्या दारात कुणीतरी धान्य निवडत बसलं होतं. वर आभाळ भरून आलेलं. तलावाची कड पाळीच्या माथ्यापासून दीड हातावर होती.

उकंडरावांना पुन्हा सगळं सांगितलं. ओलावा, फुगवटा, सळई. ते ऐकून घेत होते, पण त्यांच्या डोळ्यांपुढं पोळा होता, हे मला दिसत होतं. आजाची पाळ पक्की आहे, हे एकच पालुपद. त्यांची राजा-वजीर ही पांढरी जोडी तिथंच बाभळीखाली उभी होती. पोळ्यासाठी शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल टाकून बघणं चाललेलं. त्या जोडीवर त्यांचा फार जीव. मी नियम, नकाशे, सगळं बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "पाटील, पाळ पक्की आहे ना? मग पोळ्यापर्यंत ही जोडी पुंजाबाईच्या अंगणात बांधा. मी परत फिरतो, पुन्हा शब्द काढत नाही."

"तिथं काहून बांधू?" ते लगेच म्हणाले.

 ते जोडीकडं पाहत राहिले, मग खाली वस्तीकडं पाहिलं.  मग म्हणाले, "मानसं राह्यतात ना जी तिथं."

हे ते मला सांगत नव्हते. मग त्यांनी कुणाला हाक न मारता स्वतः फावडं उचललं आणि सांडव्याकडं चालू लागले. दिलदार गडी म्हटलं ते उगाच नाही. मात्र नंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि जेवायलाही विचारलं नाही.

आडवण फोडली तसं पाणी सांडव्यानं धो धो निघालं. मग सांडवा आणखी खोल खणला. पायथ्याचा चुना फोडायला लावला आणि तोंडाशी दगडगोट्यांचा ढीग घातला. आधी पिवळं गढूळ पाणी आलं, ते पाहून वस्तीतली माणसं न सांगता सामान बांधायला लागली. बाराही घरं गावातल्या देवळाच्या ओसरीवर हलवली. जागा कमी, त्यामुळं पुंजाबाई आणि सखू यांच्या वाट्याला एकच कोपरा आला. पाळ राहते की नाही यापेक्षा तो कोपरा राहतो की नाही, याची काळजी गावाला जास्त होती. पोळ्याच्या सकाळपर्यंत तलाव निम्म्यावर आला आणि पाझर नितळ झाला. मानाच्या बैलाला उतार उतरून पाणी प्यावं लागलं. गावानं मला त्या दिवशी जे बोल लावले ते पुंजाबाईच्या सातांत मोडणारे नव्हते, पण फार खालचेही नव्हते.

कार्तिकात पाणी आणखी उतरल्यावर मी पाळीला चर खणून पाहिला. आत, पोटात, एक जुनं बाभळीचं खोड सापडलं. आजाच्या माघारी कधीतरी कुणीतरी पाळीवर वाढलेली बाभूळ तोडून नेली असणार, आणि मुळं आतच राहिली. ती कुजून त्यांच्या जागी पोकळ नळ्या झालेल्या. एकीत माझा हात कोपरापर्यंत गेला. उकंडरावांनीही हात घालून पाहिला. काढून पुसला आणि मला घरी जेवायला नेलं. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला, तो लपवत नाही.

पुंजाबाई चराच्या काठावर बसून सगळं पाहत होती. तिनं विचारलं, आता पुढं काय? मी समजावून सांगितलं. ही मुळं काढायची, पुन्हा थरांनी माती भरायची, बैलांनी तुडवायची. आणि झऱ्याच्या तोंडाशी आधी धुतलेली रेती, मग बारीक खडी, मग दगड, असं अंथरूण घालायचं. म्हणजे पाणी येतं आणि माती मागं राहते.

"मंग झरा राह्यते?"

"राहतो तर. आणि कधी गढूळ होत नाही."

"कवा करता?"

मी म्हणालो, माघात येतो.

माघात मी मंगरुळाकडं होतो. माझ्या अहवालाचं वर कौतुक झालं होतं आणि त्यामुळं आणखी पाळी माझ्या गळ्यात पडल्या होत्या. चैत्रात त्या तलावाची कागदपत्रं आली. उकंडरावांनी रिकाम्या तलावाच्या तळात गहू पेरला होता. वर्षानुवर्षांचा गाळ तो, पीक असं आलं की लोक पाहायला यायला लागले. त्यांना आता पाळ दुरुस्त करायची निकड राहिली नाही. पाणी साठवून जेवढा गहू भिजत होता त्याहून चांगला गहू पाणी न साठवता येत होता. मी खणलेल्या चराची खिंड पाळीत तशीच राहिली, आलेलं पाणी तिच्यातून निघून जायचं. मी लिहिलं: तलाव रिकामा, सदर पाळीपासून धोका नाही. आणि यादीतून तिचं नाव काढून टाकलं. खोटं काहीच लिहिलं नाही. रिकाम्या तलावासारखी सुरक्षित पाळ दुसरी नसते.

सहा-सात वर्षांनी केनवडच्या बाजारात मला पुंजाबाई दिसली. ती वांगी घेत होती. विकत नव्हती, घेत होती, आणि विकणाऱ्याला वांग्यांतली किडकी निवडून दाखवत होती. मी ओळख दिली. तिला ओळख द्यायची गरज नव्हती. घरचं विचारलं, लेकराबाळांचं विचारलं, सगळं बरं होतं. मग मी झऱ्याचं विचारलं.

"तलावच नाई त झरा कुठून राह्यल," ती म्हणाली. पाणी आता गावातल्या विहिरीवरून आणतात. चढ चढून जायचं, रांगेत थांबायचं, भरली घागर घेऊन उतरायचं. उन्हाळ्यात दिवसाच्या दोन खेपा म्हणजे सकाळ गेली. वस्तीतली चार घरं उठून गेली होती.

मी म्हणालो, "पण पुंजाबाई, पाळ फुटली असती."

"फुटली असती. मले ठाव हाय. जीव वाचोला तुमी, मी कुठं नाई म्हन्तो." तिनं वांगी पदरात घेतली, गाठ मारली. मग म्हणाली, "माघात येतो म्हनले होते तुमी. मी न् सखूनं नाल्यातली रेती आनून धुवून ठेवली होती. तेरा टोपले. दोन पावसाळे झाकून ठेवली."

ती रागानं म्हणाली असती तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. खाती, बदल्या, मालकाची मर्जी, सांगायला माझ्याकडं पुष्कळ होतं. ती रागावली नव्हती. मी विसरलो असेन म्हणून आठवण करून देत होती. मी मान हलवली आणि ती घरच्या वाटेला लागली.

वाशीमला परतल्यावर मी कचेरीत अर्ज केला की ती पाळ पुन्हा यादीवर घ्यावी, दुरुस्तीबद्दल मालकाशी बोलता येईल. आठवड्यानं उत्तर आलं. ज्या तलावात पाणी नाही तो तलाव यादीवर घेता येत नाही. नियमाचा आकडा दिलेला होता. मी यादी काढून पाहिली. नियम बरोबर होता, आणि तो यादी करताना मीच घातलेला होता.